अ‍ॅक्युपंक्चर: खोट्या सुईनेही तेवढंच बरं वाटत असेल, तर पुरावा नेमका कशाचा?

मेधा_ठाणे

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांच्या मते शस्त्रक्रियेची वेळ अजून आलेली नाही. वजन आटोक्यात ठेवा, व्यायाम करा, फारच दुखलं तर गोळी घ्या. मावशीचा आग्रह अ‍ॅक्युपंक्चरचा. दादाचं म्हणणं, पैसे फुकट जातील. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून "तू वाच आणि काय ते सांग" असं घरात ठरलं.

वाचायला बसले आणि पहिल्याच मोठ्या चाचणीपाशी अडकले. जर्मनीत गुडघेदुखीवर हजारावर रुग्णांची चाचणी झाली, २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन गट होते. एकाला चिनी पद्धतीप्रमाणे ठरलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच ठिकाणी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला डॉक्टरांचा नेहमीचा उपचार. तिन्ही गटांना फिजिओथेरपी आणि गरजेपुरत्या गोळ्या होत्याच. २६ आठवड्यांनी ज्यांना ठरलेल्या निकषाइतका आराम पडला त्यांचं प्रमाण: खऱ्या सुया ५३ टक्के, खोट्या सुया ५१ टक्के, नेहमीचा उपचार २९ टक्के.

गंमत अशी की अ‍ॅक्युपंक्चरवाले आणि त्यांचे विरोधक, दोघंही हीच चाचणी पुढे करतात. एक म्हणतो "५३ विरुद्ध २९ बघा", दुसरा म्हणतो "५३ विरुद्ध ५१ बघा". माझ्या मते "उपचार लागू पडतो का" हा प्रश्नच अर्धवट आहे. कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. पण आईला सांगायचं काय? ज्यांनी घेतलंय, ज्यांनी वाचलंय, त्या सगळ्यांनी लिहा.

रानवारा

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे, मेधाताई. औषधाच्या गोळीने ५३ टक्के आणि साखरेच्या गोळीने ५१ टक्के लोकांना बरं वाटलं असतं, तर त्या औषधाला कुठल्याच देशात परवाना मिळाला नसता. सुईला वेगळा न्याय कशासाठी? मी औषधनिर्मितीत काम करतो. आमच्याकडची कित्येक रेणूसंयुगं याहून मोठा फरक दाखवूनही बाद झालेली आहेत.

कोलहून आणि नोव्हेला यांनी २०१३ मध्ये भूलशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात लेख लिहिला. त्यांचा निष्कर्ष असा की अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे नाट्यमय प्लासिबो, म्हणजे औषधी गुण नसताना केवळ विश्वासाने बरं वाटायला लावणारा उपचार. मला तो पूर्ण पटतो.

पमाकाकू

आमच्या ह्यांच्यासमोर सुईचं नुसतं नाव काढलं तरी गुडघा दुखायचा थांबतो. ह्यांना कुठल्या गटात घालायचं?

संख्यारेषा

पमाकाकू, काकांना चौथा गट! :)

रानवारा, फरक शून्य आहे असं मात्र म्हणता येणार नाही. न्यूयॉर्कच्या अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी जुन्या दुखण्यांवरच्या २९ चाचण्यांमधल्या १७,९२२ रुग्णांची मूळ माहिती एकत्र करून २०१२ मध्ये विश्लेषण केलं. २०१८ मध्ये ते वाढवलं, तेव्हा ३९ चाचण्या आणि २०,८२७ रुग्ण होते. खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या आणि तो फरक निव्वळ योगायोगाचा नव्हता.

पण फरक किती? त्यांनीच उदाहरण दिलंय. समजा दुखणं शंभरात ६० आहे. काहीच न केलेल्यांचं कालांतराने ४३ वर येतं, खोट्या सुयावाल्यांचं ३५ वर, खऱ्या सुयावाल्यांचं ३० वर. म्हणजे ६० वरून ३० वर आलेल्या माणसाला वाटतं, सुयांनी अर्धं दुखणं घालवलं. त्या तिसातले सतरा गुण काही न करताही उतरले असते. आठ गुण सुया टोचून घेण्याच्या सगळ्या सोहळ्याचे. योग्य जागी, योग्य खोलीवर टोचण्याचे फक्त पाच. शंभरात साधारण दहाचा फरक पडला तर रुग्णाला तो जाणवतो, असं वेदनेच्या संशोधनात बरेचदा धरतात. पाच त्याच्या आत येतात.

शिवाय सुया टोचणाऱ्याला आपण खरी टोचतोय की खोटी हे ठाऊक असतं. गोळीच्या चाचणीत डॉक्टरलाही अंधारात ठेवता येतं, इथे नाही. त्याच्या बोलण्यावागण्यातून थोडंसं जरी रुग्णाला कळलं, तरी त्या पाचातले एकदोन गुण तिथूनच आलेले असू शकतात.

नेकारकाठ

मी हायडलबर्गला राहते. रुग्णाला कळू नये म्हणून जी सुई वापरतात, तिच्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार इथल्याच विद्यापीठातल्या श्ट्राइटबर्गर यांनी काढला, १९९८ मध्ये. टोक बोथट असतं आणि दाबली की सुई स्वतःच्या मुठीत सरकते. टोचल्याचा भास होतो, आत जात काहीच नाही.

मेधाताईंनी सांगितलेल्या चाचणीनंतर इथे काय झालं ते लिहिते. विम्यात कोणते उपचार बसवायचे हे ठरवणाऱ्या राष्ट्रीय समितीने २००६ मध्येच जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज या दोन्हींसाठी अ‍ॅक्युपंक्चरला मान्यता दिली. डोकेदुखी आणि अर्धशिशीसाठी नाकारली. त्यांचा विचार सरळ होता: नेहमीच्या उपचारापेक्षा रुग्णांना जास्त बरं वाटतंय ना? मग पैसे देऊ. कंबरदुखीच्या चाचणीतही असंच चित्र होतं, ११६२ रुग्ण, खऱ्या सुया जवळपास ४८ टक्के, खोट्या ४४, नेहमीचा उपचार २७.

माझ्या सासूबाईंनी गुडघ्यांसाठी विम्यातून घेतलं. त्यांना फरक पडला. विम्यातून मिळतंय तर लोक घेतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

रानवारा

गैर हे आहे, की भलत्या ठिकाणी टोचूनही ४४ टक्के मिळत असतील तर मेरिडियन (शरीरातल्या ऊर्जेच्या मानलेल्या वाहिन्या) आणि तीनशे एकसष्ट बिंदूंचं शास्त्र शिकवणाऱ्या संस्थांना पैसे कशाचे जातायत? आणि तो २७ टक्क्यांचा गट बघा. वर्षानुवर्षं कंबर धरून बसलेली, नेहमीच्या उपचारांनी कंटाळलेली माणसं. नवीन काही मिळेल म्हणून चाचणीत नाव घातलं आणि चिठ्ठी निघाली पुन्हा त्याच व्यायामाची नि गोळ्यांची. ती निराश होणारच. सुयावाल्यांचा विजय त्या निराशेवरही उभा आहे.

अवनी

तुमच्या सगळ्यांच्या वादात एका अर्धशिशीवालीचं ऐकून घ्या. कॉलेजपासून डोकं दुखतंय. अंधाऱ्या खोलीत, डोक्याला फडकं बांधून, उलट्या होत पडून राहायचं, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांनी वजन वाढलं, सुस्ती आली, आणि मी त्या सोडल्या. पुण्यात एका एमबीबीएस डॉक्टरबाईंकडे सुया घेतल्या. महिन्यातली डोकेदुखी निम्म्याने कमी झाली. आकडेवारी काय म्हणते ते मला महत्त्वाचं नाही असं नाही, पण माझी नोकरी टिकली ती त्यानंतर.

संख्यारेषा

अवनी, तुमच्या अनुभवाला आकडेवारीचा विरोध नाहीच. अर्धशिशीवर कॉक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०१६ चा आढावा आहे, २२ चाचण्या आणि जवळपास पाच हजार रुग्णांचा. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर येणाऱ्यांचं प्रमाण सुया घेणाऱ्यांत ४१ टक्के, फक्त नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत १७. खोट्या सुयांशी तुलना केली त्या चाचण्यांमध्ये ५० विरुद्ध ४१. प्रतिबंधक गोळ्यांच्या तोडीस तोड, आणि दुष्परिणाम कमी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०१२ पासून अर्धशिशी टाळण्यासाठी दहापर्यंत बैठका सुचवल्या आहेत, औषध चालत नसेल किंवा लागू पडत नसेल तेव्हा.

तरी एक लक्षात ठेवायला हवं. माणूस उपचाराला जातो तो दुखणं शिखरावर असताना. तिथून पुढे ते थोडंफार उतरतंच. एकट्याच्या अनुभवातून हे उतरणं आणि सुयांचा गुण वेगळे काढता येत नाहीत, म्हणून तर गट लागतात.

अवनी

मान्य. पण मला ५० मध्ये राहायला मिळालं की ४१ मध्ये, याने माझ्या डोक्याला फरक पडत नाही.

कृष्णाकाठ

थोडं अवांतर, पण मला ते गरजेचं वाटतं. "पाच हजार वर्षांचं शास्त्र" हे वाक्य या धाग्यात अजून कुणी टाकलं नाही याबद्दल सगळ्यांचे आभार.

चीनमध्ये मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मधली थडगी सापडली, त्यातल्या रेशमावरच्या वैद्यक ग्रंथांत शरीरातल्या वाहिन्यांची वर्णनं आहेत, डाग देण्याचे उपचार आहेत, पण सुया टोचण्याचा उल्लेख नाही. पुढच्या शतकांत तो येतो. मधल्या काळात चीनमध्येच या विद्येची पत चढत-उतरत राहिली. १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चरला बाहेर काढलं. १९२९ मध्ये तिथल्या राष्ट्रवादी सरकारपुढे पारंपरिक वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव आला, वैद्यांनी मोठं आंदोलन करून तो हाणून पाडला. आज दिसते ती बारीक, लवचीक सुई आणि रक्तवाहिन्या टाळून मांडलेले बिंदू, यात १९३० च्या दशकातल्या चेंग दानआन या सुधारकाचा मोठा हात आहे. हा माणूस शरीररचनाशास्त्र वाचून जुन्या विद्येची पुनर्मांडणी करत होता.

मग माओ. डॉक्टर मूठभर, लोक कोट्यवधी, खेड्यांत दवाखाना नाही. सुया स्वस्त आणि शिकवायला सोप्या. अनवाणी डॉक्टरांच्या, म्हणजे थोडक्या प्रशिक्षणावर खेड्यांत काम करणाऱ्यांच्या, पिशवीत त्या गेल्या. खुद्द माओचा या वैद्यकावर विश्वास नव्हता, असं त्याचे खासगी डॉक्टर ली झिसुई यांनी नंतर लिहून ठेवलंय. चिनी माणसाने टोकाची गरज असताना जी व्यवस्था उभी केली, तिचा मला आदर आहे. पण तिला अनादि म्हणून विकणं हे त्या इतिहासावर अन्याय करणारं आहे.

डॉ_सुहास

मी भूलतज्ज्ञ, कोल्हापूर. कृष्णाकाठ यांच्या इतिहासाला पुढचा दुवा जोडतो, कारण तो माझ्या खात्यातला आहे.

जुलै १९७१. न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स सुजलं. शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत निक्सन चीनला गेले आणि त्या सगळ्या उत्साहात अमेरिकेत गोष्ट अशी पसरली की रेस्टनचं अपेंडिक्स भूल न देता, सुया टोचून काढलं. रेस्टन यांनी स्वतः स्वच्छ लिहिलं होतं: शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनांनी झाली. सुया टोचल्या त्या दुसऱ्या रात्री, पोटात गॅस धरून अस्वस्थ वाटत होतं म्हणून. उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली. तासाभरात बरं वाटलं.

शस्त्रक्रियेनंतरचा गॅस सुटतोच, आम्ही रोज बघतो. त्या सुयांनी तो सुटला की वेळ झाल्यामुळे, हे एका माणसावरून कुणीच सांगू शकणार नाही. पण त्या एका लेखाने पाश्चात्त्य जगात दार उघडलं.

२००६ मध्ये बीबीसीने शांघायमधली हृदयशस्त्रक्रिया दाखवली, रुग्ण तरुणी जागी, अंगाला सुया. लोक थक्क झाले. नंतर कळलं की तिला फेंटानिलसारखं जबर वेदनाशामक, गुंगीची औषधं आणि छातीत भुलीची इंजेक्शनं दिलेली होती. रुग्णांचा जीव माझ्या हातात असतो, म्हणून याबद्दल मला मनापासून राग येतो. कुणीतरी ते बघून भूल नाकारली तर?

रानवारा

+१००

डॉ_सुहास

थांबा, रानवारा, पुढचं तुम्हाला आवडणार नाही. :)

मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन स्नायूबंधांच्या मध्ये एक बिंदू आहे, पी-६. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ-उलटी हा आमचा रोजचा त्रास. या एका बिंदूवर कॉक्रेनचा २०१५ चा आढावा आहे, ५९ चाचण्या, साडेसात हजारांवर रुग्ण. खोट्या उपचाराच्या तुलनेत मळमळ आणि उलटी दोन्ही कमी होतात, आणि उलटीविरोधी औषधांच्या आसपासच परिणाम मिळतो. यातल्या बऱ्याच चाचण्यांचा दर्जा मध्यम आहे, हे आढावाकारही सांगतात. पण "सगळं थोतांड" म्हणून ही फाइल मला बंद करता येत नाही. काही चाचण्यांत तर भुलीत असलेल्या, बेशुद्ध माणसावर हा बिंदू वापरलाय. तिथे सोहळा बघायला रुग्ण जागाच नसतो.

पमाकाकू

म्हणजे नातीने आंबेनळी घाटासाठी आणून दिलेला तो बटणवाला मनगटी पट्टा हाच की! मला लागू पडतो बाई. खिडकीजवळची सीटही लागते पण.

सोलापूरकर

चीन आणि वैद्यकाचा विषय निघाला आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव नाही, असं कसं चालेल? आमच्या सोलापूरचे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातले पाच डॉक्टर: अटल, चोळकर (हे नागपूरचे), कोटणीस, बसू, मुखर्जी. कोटणीस १९४२ मध्ये तिथेच गेले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. इकडच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांच्या भिंतीवर त्यांचा फोटो असतो.

कृष्णाकाठ

सोलापूरकर, अभिमान वाटावा असंच नाव आहे. फक्त कोटणीस शल्यविशारद होते. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, बेथ्यून शांती रुग्णालयाचे ते प्रमुख होते. भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजय कुमार बसूंनी. ते १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, शिकून आले आणि कोलकात्यात रुग्णांवर वापरू लागले. बंगालमध्ये त्याची मुळं घट्ट आहेत ती त्यामुळे. कोटणीसांचं मोठेपण त्यांच्या शस्त्रक्रियेत आणि सेवेत आहे, सुयांचा पुरावा म्हणून त्यांचा फोटो लावू नये असं मला कळकळीने वाटतं.

सोलापूरकर

बसूंची माहिती नवीन होती. धन्यवाद.

अस्मि

माझा अनुभव कडू आहे. आयव्हीएफच्या वेळी आमच्या सेंटरने भ्रूण सोडण्याच्या आधी आणि नंतर अ‍ॅक्युपंक्चर "घेतलेलं बरं" असं सांगितलं. पॅकेजमध्ये वेगळी रक्कम. त्या मनःस्थितीत बाई नाही म्हणू शकत नाही. नाही म्हटलं आणि यश आलं नाही, तर आयुष्यभर स्वतःलाच दोष देईल. नंतर मी वाचलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ स्त्रियांवर याचीच चाचणी झाली, २०१८ मध्ये जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आली. मूल जन्माला येण्याचं प्रमाण खऱ्या सुयांनी १८.३ टक्के, खोट्यांनी १७.८. म्हणजे काहीच फरक नाही. नेकारकाठ म्हणतात तसं "बरं वाटतंय ना, मग घ्या" हे दुखण्याला चालेल. मूल झालं की नाही याला "वाटणं" नसतं.

नेकारकाठ

अस्मि, तुमचं शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य. मी लिहिलं ते दुखण्यापुरतंच होतं.

तन्मय_बायो

अस्मि यांच्या मुद्द्याला जोडून. व्हिकर्सचं नाव वर आलं. त्याच व्हिकर्सने १९९८ मध्ये दाखवलं होतं की चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सगळ्याच्या सगळ्या चाचण्या अनुकूल होत्या. असं कुठल्याही उपचाराच्या बाबतीत होत नसतं; प्रतिकूल निकाल कुठेतरी कपाटात राहिले असणार. पण तेव्हापासून तिथलंही काम बदललंय. २०१७ मध्ये जामात चीनमधल्याच २१ रुग्णालयांची, पीसीओएस (अंडाशयाचा एक विकार) असलेल्या हजार स्त्रियांची चाचणी आली. सुयांनी मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, असं त्यांनी सरळ छापलं. त्या संशोधकांबद्दल मला आदर वाटतो.

दुसरं, यंत्रणेबद्दल. सुई टोचल्यावर शरीरात काहीच होत नाही, हे खरं नाही. पेकिंग विद्यापीठातल्या हान जिशेंग यांनी १९६० च्या दशकापासून मेंदूतल्या नैसर्गिक वेदनाशामकांवर काम केलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या गटाने उंदरांमध्ये, सुई फिरवल्यावर आजूबाजूच्या ऊतींत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन सुटतं आणि वेदना कमी होते, हे दाखवलं. २०२१ मध्ये हार्वर्डच्या मा च्यूफू यांच्या गटाने नेचर या नियतकालिकात दाखवलं की उंदराच्या मागच्या पायात ठरावीक ठिकाणी हलका विद्युतप्रवाह दिला, तर विशिष्ट चेतापेशींवाटे व्हेगस मज्जातंतू आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीपर्यंत संदेश जाऊन दाह कमी होतो. त्या चेतापेशी जिथे नाहीत, उदाहरणार्थ पोटावर, तिथे हा परिणाम मिळाला नाही. म्हणजे जागेला अर्थ आहे, पण तो मज्जातंतूंच्या जाळ्यामुळे. "ची" नावाची ऊर्जा त्यात कुठेही लागली नाही.

रानवारा

तन्मय, उंदीर आणि विजेचा प्रवाह. आईंच्या गुडघ्यात सुई टोचणं हे त्यापासून फार लांब आहे. यंत्रणा सापडली म्हणून उपचार सिद्ध होत नाही.

तन्मय_बायो

बरोबर. तसा दावाही नाही माझा. यंत्रणा शोधणं चालू राहावं, एवढंच.

सह्याद्री_४२

इतकी चिरफाड कशाला? सरकारनेच मान्यता दिली आहे. महाराष्ट्रात २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा आहे, परिषद आहे, केंद्रानेही २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मानलंय. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांची यादी दिली आहे. काही लोकांना आपलं-पौर्वात्य ते सगळं खोटंच वाटतं.

अस्मि

सह्याद्री, कायद्याने कोण टोचू शकतं हे ठरतं. ते चांगलंच आहे, नोंदणी नसलेल्यांना आळा बसतो. टोचल्याने काय होतं हे कायदा कसं ठरवणार?

संख्यारेषा

आणि संघटनेची ती यादी २००० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. तिच्यात खोट्या सुईशी तुलना न केलेल्या चाचण्याही धरल्या होत्या, त्यावर तेव्हाच टीका झाली. पौर्वात्य-पाश्चात्त्य हा वादच इथे लागू नाही. वर दिलेल्या चाचण्यांमध्ये चिनी संशोधक आहेत, आणि पैसे देणारे जर्मन विमे आहेत.

सॅनहोजेकर

अमेरिकेचं सांगतो. ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर मिळतं, ९० दिवसांत १२ बैठका, फरक पडला तर आणखी ८. गुडघ्यासाठी नाही. यामागे अफूजन्य वेदनाशामकांनी इकडे घातलेला धुमाकूळ आहे. गोळ्यांच्या व्यसनाने माणसं मरताना दिसत असतील, तर सौम्य उपचाराकडे धोरण झुकतं. माझ्या शेजारच्या घरात असं एक मरण झालं आहे, त्यामुळे मी या निर्णयाला नावं ठेवू शकत नाही.

निशिगंध

मी फिजिओथेरपिस्ट. सगळा धागा वाचला आणि मेधाताईंच्या आईचे गुडघे बाजूलाच राहिलेत, म्हणून लिहिते.

नाइसने २०२२ मध्ये झिजेच्या सांधेदुखीसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. त्याच संस्थेने २०२१ मध्ये, दुसऱ्या एका प्रकारच्या जुनाट दुखण्यासाठी, जिथे दुखण्याचं मूळ कारणच सापडत नाही, तिथे सुचवलंय. कंबरदुखीला २००९ मध्ये हो म्हटलं आणि २०१६ मध्ये मागे घेतलं. म्हणजे एकच संस्था दुखण्यागणिक वेगळं सांगते, आणि तसंच असायला हवं. ऑस्ट्रेलियातही पन्नाशीपुढच्या गुडघेदुखीवाल्यांवर २०१४ मध्ये चाचणी झाली, खोट्या, म्हणजे चालूच न केलेल्या लेझरपेक्षा सुया सरस ठरल्या नाहीत.

गुडघ्याला खात्रीचं काय, तर मांडीचे स्नायू बळकट करणं आणि वजन उतरवणं. कंटाळवाणं आहे, घाम काढणारं आहे, त्याचा सोहळा होत नाही, म्हणून लोक टाळतात. माझी खरी तक्रार सुयांविरुद्ध नाही. "सुया चालू आहेत" म्हणून व्यायाम सोडणारे रुग्ण मी रोज बघते, माझा जीव तिथे तुटतो. सुयांनी दुखणं थोडं हललं आणि त्या काळात बाई व्यायामाला लागली, तर मी सुयांचं स्वागत करीन.

रानवारा

निशिगंध, हे पटलं. पण माझा एक प्रश्न उरतोच, तो नैतिक आहे. बरं वाटण्यातला मोठा वाटा अपेक्षेचा आहे, हे उपचार करणाऱ्याला माहीत असताना "तुमची ऊर्जा अडली आहे, ती मोकळी करतो" असं त्याने रुग्णाला सांगायचं का?

डॉ_सुहास

सांगू नये. आणि गरजही नाही. टेक्सासमध्ये गुडघ्याच्याच रुग्णांवर २०१० मध्ये अभ्यास झाला. खऱ्या-खोट्या सुयांत फरक आला नाही, पण ज्यांच्याशी उपचारक आशेने, विश्वासाने बोलला त्यांचं दुखणं अधिक कमी झालं. हार्वर्डच्या टेड कॅपचुक यांनी २००८ मध्ये आतड्याच्या तक्रारीवर दाखवलं: नुसती वाट बघणारे २८ टक्के बरे, खोट्या सुया घेणारे ४४, खोट्या सुया आणि जोडीला आपुलकीने पाऊण तास बोलणारा उपचारक असेल तर ६२. सगळ्या सुया खोट्याच.

सरकारी ओपीडीत मला एका माणसाला पाच मिनिटंही देता येत नाहीत. सुयावाला तासभर देतो, हात लावतो, मागच्या वेळचं विचारतो. त्याच्याकडून शिकण्यासारखं ते आहे, आणि ते करायला खोटं बोलावं लागत नाही.

अवनी

माझ्या डॉक्टरबाईंनी ऊर्जेबिर्जेचं काही सांगितलं नव्हतं. "निम्म्या लोकांना फरक पडतो, सहा-आठ बैठकांत नाही पडला तर थांबू" एवढंच म्हणाल्या. मला तेवढ्यानेच विश्वास वाटला.

मेधा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आई, मावशी, दादा तिघांना बसवून संख्यारेषा यांचं ६०-४३-३५-३० चं उदाहरण कागदावर काढून दाखवलं. दादा "पाच गुणांसाठी पैसे?" म्हणाला. मावशी म्हणाली, "पाच कशाला, मला तेरा दिसतायत." दोघंही बरोबर वाचत होते.

आईने स्वतः ठरवलं ते असं: आधी तीन महिने निशिगंध म्हणतात तसे मांडीचे व्यायाम, फिजिओकडे जाऊन नीट शिकून. त्यानंतरही दुखणं अडवत असेल तर मावशीबरोबर सुया, पण बैठका आधी ठरवून, आणि व्यायाम न सोडता. मी तिला खोट्या सुयांचं सगळं सांगितलंय. ती म्हणाली, कळलं, पण मावशीबरोबर रिक्षातून जाणं-येणं होईल तेही बरंच आहे.

एक शेवटची शंका. आईला हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारीसाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. सुया चालतात का?

डॉ_सुहास

हे आधी सांगायला हवं होतं! गोळी स्वतःच्या मनाने अजिबात बंद करायची नाही, एक दिवसही नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, आणि टोचणाऱ्याला पहिल्याच भेटीत गोळीचं नाव सांगा. बारीक सुयांनी सहसा थोडं काळंनिळं होण्यापलीकडे जात नाही, पण खोल टोचणं टाळायला लावा. सुया सीलबंद पाकिटातल्या, एकदाच वापरायच्या; पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. पूर्वी पुन्हा वापरलेल्या सुयांनी हेपटायटिस बी पसरल्याच्या घटना झाल्या आहेत. गुडघ्यासाठी आलेल्या बाईच्या छातीत किंवा खांद्यावर खोल सुई कुणी टोचू लागला तर थांबवा, फुप्फुसाला छिद्र पडण्याचा धोका तिथे असतो. विरळा आहे, पण असतो.

निशिगंध

आणि तीन महिन्यांच्या व्यायामाचं काय झालं ते इथेच येऊन लिहा, मेधाताई. आईंना खुर्चीवर बसून पाय सरळ करण्यापासून सुरू करायला सांगा, उठाबशा लगेच नकोत.